फोर बाय फोर घेताय? आधी लगीन टायरचं

भाच्याने गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक यादी धाडली. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देणारी गाडी, घ्यायचं नक्की झालंय, डाऊन पेमेंटची तजवीज झालीय, आणि गाडी हातात आली की तिला काय काय लावायचं त्याची ही यादी. स्नॉर्केल (इंजिनला वरून हवा देणारी नळी), विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी मोटर आणि दोर), पुढे लोखंडी बंपर, छतावर कॅरिअर, कॅरिअरवर एलईडीचा लांबलचक बार, गाडी दोन इंच उचलणारं लिफ्ट किट, मोठे टायर, मागे शिडी. एकूण सतरा वस्तू. खाली बेरीज, तीन लाख साठ हजार. आणि निरोप: "मामा, काही राहिलं असेल तर सांगा."

राहिलं होतं. टायरमधली हवा मोजायचं गेज. पाचशे-सातशे रुपयांची चीज, पण सतरा वस्तूंत तिला जागा नव्हती.

त्याला म्हटलं, रविवारी घरी ये आणि यादी बाजूला ठेवून ये. कारण या गाड्यांत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही नंतर पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांत जाऊन सावकाश लावता येतात. काही कारखान्यातूनच याव्या लागतात, त्या मागाहून बसवणं म्हणजे खर्च, वॉरंटीचा घोळ आणि आरटीओचा ससेमिरा. लोक पहिल्या प्रकारावर महिनोन् महिने व्हिडिओ बघतात आणि दुसरा प्रकार शोरूममध्ये दहा मिनिटांत उरकतात.

तर आधी दुसरा प्रकार.

पालखीच्या दिवसांत दिंडी चौकातून वळताना बघितली असेल. आतल्या बाजूचे वारकरी जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतात, बाहेरच्या बाजूचे झपझप चालतात, म्हणून रांग सरळ राहते. गाडीच्या एका आसावरच्या दोन चाकांचं वळणावर हेच होतं. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावं म्हणून मध्ये डिफरन्शियल बसवलेलं असतं. रस्त्यावर हे देवासारखं काम करतं, चिखलात घात करतं. कारण साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात किंवा हवेत असलं तर त्याला फिरायला जोर लागतच नाही. मग घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, जोर मिळतो. एक चाक गरगरतं, दुसरं ढिम्म.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात वेल्ह्याकडे एका पाणंदीत गाडी घातली होती. फोर बाय फोर लावलेलं होतं आणि मी निर्धास्त होतो. एका खळग्यात गाडी तिरकी बसली. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी. ॲक्सिलरेटर दाबला की ती दोन चाकं चिखल उडवत फिरायची आणि उरलेली दोन निवांत बसून राहायची. अर्धा तास असा गेल्यावर वरच्या शेतातून एक काका ट्रॅक्टर घेऊन उतरले. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "ह्याला लॉक न्हाई का?"

मी म्हटलं, कसलं लॉक?

त्यांनी ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या टाचेपाशी असलेलं एक पेडल दाखवलं. नांगरताना एक चाक घसरायला लागलं की टाचेने ते दाबायचं, मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात आणि बरोबरच फिरतात. डिफ लॉक. आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरला असणारी गोष्ट माझ्या महागड्या गाडीला नव्हती. काकांनी दोन मिनिटांत ओढून काढलं, पैसे घेतले नाहीत, फक्त "पुढच्या येळेला उन्हाळ्यात या" म्हणाले.

म्हणून गाडी बघताना पहिला प्रश्न काकांचाच विचारायचा. लॉक आहे का? आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे कारखान्यातूनच लॉक येतो, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मला त्या गाडीबद्दल आदर आहे. महिंद्रा थारच्या काही फोर बाय फोर व्हेरिएंटला मागे लॉक मिळतो, थार रॉक्सच्या फोर बाय फोरला बटणाने लागणारा. काही गाड्या लॉकऐवजी ब्रेकची युक्ती वापरतात. घसरणाऱ्या चाकाला गाडी आपोआप ब्रेक लावते, त्या चाकाला फिरायला जोर लागू लागतो, आणि मग दुसऱ्यालाही तो मिळतो. मारुतीची जिमनी यावर चालते. ही युक्ती वाटते त्यापेक्षा बरीच चांगली आहे, पण तिच्यासाठी पाय ॲक्सिलरेटरवर थोडा वेळ धीराने ठेवावा लागतो आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच पाय काढतो.

दुसरा प्रश्न लो रेंजचा, म्हणजे गती घटवून जोर वाढवणाऱ्या जादा गिअरचा. सायकलवर सिंहगड चढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. सगळ्यात हलका गिअर टाकला की पाय भराभर फिरतात, सायकल मुंगीच्या गतीने पण न थांबता चढते. लो रेंज टाकली की प्रत्येक गिअर साधारण दोन ते अडीच पट तसा होतो. लोकांना वाटतं ही चढासाठी असते. माझ्या मते तिचा खरा उपयोग उतारावर. सैल मुरमाच्या उतारावर ब्रेक दाबला तर चाक अडतं आणि गाडी मुरमासकट खाली घरंगळते. लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून दोन्ही पाय पेडलवरून उचलून ठेवले, तर इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिपसारख्या ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला ही लो रेंज नसते. पावसाळी घाट, ओला रस्ता, रिसॉर्टकडे जाणारा कच्चा तुकडा यासाठी त्या उत्तमच. फक्त शोरूममधला मुलगा "सर, ही पण चारही चाकांवर चालते" म्हणाला की दोन्ही एकच समजू नका. आणि दिसायला थार म्हणजे फोर बाय फोर असंही नाही. २०२३ पासून नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते, आणि रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे. बुकिंगच्या कागदावर व्हेरिएंटचं पूर्ण नाव वाचा.

एक चूक मात्र जवळजवळ प्रत्येक नवा मालक करतो. थार, जिमनी, गुरखा यांत फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना थेट बांधले जातात, मध्ये सूट देणारं काही नसतं. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. मातीत हा फरक चाकं थोडी घसरून भागवतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, मग सगळा पीळ गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, लिव्हर परत टूव्हीलमध्ये, म्हणजे दोनच चाकांच्या जोरावर, येत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मित्रांना फोर बाय फोर "दाखवणारे" मी पाहिलेत. त्या कटकट आवाजाचं पुढे वर्कशॉपमध्ये बिल होतं.

पार्किंगवरून आठवलं. पुण्यात गाडी घेताना डोंगराआधी बेसमेंट बघा. रॅम्पच्या माथ्यावर गाडीचं पोट ज्या कोनाला घासायला लागतं ना, त्यालाच रॅम्पओव्हर अँगल म्हणतात. पुढचा बंपर चढाला टेकतो तो अप्रोच अँगल, उतरताना मागचं टेकतं तो डिपार्चर. रोजच्या रॅम्पवर फोर बाय फोरचं पोट काही घासत नाही, पण डोकं लागू शकतं. गुरखाची उंची दोन मीटरच्या वर जाते. त्यावर कॅरिअर चढवलं तर कित्येक जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ती शिरणारच नाही. रुंदीचंही तेच. जिमनी १६४५ मिलिमीटर, थार १८२०. हा वीतभर फरक पेठेतल्या गल्लीत रोज दिसतो, आणि झाडीतल्या गाडीवाटेवर दोन्ही बाजूंच्या रंगावर उमटतो.

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलेली गाडी १८ टक्क्यांत बसते. पेट्रोलसाठी ही मर्यादा १२०० सीसी. त्यामुळे दीड लिटर डिझेलची टूव्हील थार १८ टक्क्यांत आणि २.२ लिटरची फोर बाय फोर थार ४० टक्क्यांत. जिमनी छोटी दिसते पण इंजिन दीड लिटर पेट्रोल, म्हणजे तीही ४० मध्ये. दोन व्हेरिएंटमधला फरक बघून "एका लिव्हरचे एवढे पैसे?" असं वाटतं, त्यातला मोठा भाग असा सरकारकडे जातो. वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. दहा ते वीस लाखांच्या डिझेलला १४ टक्के, पेट्रोलला १२. पंधरा लाखांच्या डिझेल गाडीवर हे दोन लाख दहा हजार झाले. यादीच्या बेरजेआधी हे आकडे मांडा.

आता भाच्याची यादी.

सगळ्यात आधी लोखंडी बंपर खोडला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. कारण दुहेरी आहे. धडकलेल्या पादचाऱ्याला ते जास्त मारतं, आणि आतल्या माणसालाही. गाडीचा पुढचा भाग चुरगळून धक्का पचवतो, लोखंड तो धक्का थेट चॅसीवर नेतं, एअरबॅगचं वेळापत्रकही बिघडू शकतं. त्यापलीकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. चौकात पोलीस रोज पकडत नाहीत हे खरं. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर येतो तेव्हा तो पोलिसांपेक्षा बारकाईने बघतो. न कळवता केलेला बदल हे क्लेम नाकारायला आयतं कारण असतं.

लिफ्ट किट याच कारणाने खोडलं. शिवाय कंपनीच्या उंचीत आपल्या सह्याद्रीत जाण्यासारखं जवळजवळ सगळं होतं. जिमनीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, थारचा २२६, गुरखाचा २३३. उंची वाढवली की शाफ्टचे कोन बदलतात, गाडीचा तोल वर सरकतो, आणि आडव्या उतारावर पोटात गोळा लवकर येतो.

मग टायर. इथे मी भाच्याला कागद-पेन्सिल दिली, कारण टायरवरचे आकडे वाचता आले की निम्मे गैरसमज जातात. जिमनीचा मूळ टायर १९५/८० आर १५. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, १५६ मिलिमीटर, आणि रिम १५ इंची, ३८१ मिलिमीटर. वरची भिंत, खालची भिंत आणि रिम मिळून पूर्ण उंची ६९३. भाच्याला त्याजागी लावायचे होते २३५/७५ आर १५. तोच हिशोब केला तर साडेसातशेला थोडा कमी, ७३३.५. फरक ४० मिलिमीटरचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी. वीस मिलिमीटर, बोटाची जाडी. त्या बोटभर उंचीसाठी चाकाचा घेर जवळजवळ सहा टक्के वाढला. मीटरवर ८० दिसताना मूळ टायरच्या हिशोबाने गाडी ८५ च्या आसपास पळतेय, इंजिनला प्रत्येक चढावर तेवढं जास्त ओढावं लागतंय, आणि पुरं वळवलं की टायर आतल्या अस्तराला घासतोय. मूळ आकार ठेव, जात बदल, असं त्याला सांगितलं.

जात म्हणजे एटी (ऑल टेरेन, सगळ्या जमिनींसाठी) की एमटी (मड टेरेन, चिखलासाठी). एमटीच्या खाचा मोठ्या असतात. घाटमाथ्याच्या अलीकडे, सासवड-शिरूरकडे जी काळी चिकण माती आहे, ती टायरला लाडवासारखी वळते. साध्या टायरच्या खाचा एका फेऱ्यात बुजतात आणि चार गुळगुळीत चाकं उरतात. एमटी ती माती झटकून टाकतो. पण तोच एमटी मुंबई एक्सप्रेसवेवर तासभर कानात घोंगावतो आणि ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की जास्त लांब जाऊन थांबतो. तुमची गाडी वर्षातले किती दिवस त्या काळ्या मातीत असणार? बाकी सगळे दिवस सिंहगड रोडवरच असणार. एटी घ्या.

आणि हवा. या सगळ्या विषयात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. गोळा तसाच ठेवला तर परातीला टेकतो एवढासा, थापला की भाकरी पसरते. रस्त्यावर टायरमध्ये तीस-बत्तीस पीएसआय हवा असते. मऊ वाळू किंवा चिखल आला की ती वीसच्या आसपास आणायची. टायर खाली बसतो, जमिनीला टेकणारा त्याचा पट्टा लांब होतो, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि ती रुतायची थांबते. फुकट मिळणारी एवढी पकड कुठलीच ॲक्सेसरी देत नाही. मात्र पंधराच्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. फुटक्या बसाल्टच्या धारदार दगडांत फुगीर भिंत चिरते, तिथे हवा फार कमी करू नका. आणि परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायचीच. कमी हवेचा टायर वेगात तापतो. म्हणून गेजसोबत एक कॉम्प्रेसर, थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा. सिगारेट लायटरमध्ये खुपसायचा पिटुकला एवढ्या टायरला पुरत नाही. शेजारी प्लग लावायचं पंक्चर किट.

स्नॉर्केलवर वाद झाला. त्याचं म्हणणं, स्नॉर्केल असलं की ओढ्यात जाता येतं. स्नॉर्केल इंजिनला हवा वरून आणून देतं, म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी शिरून इंजिन मोडण्याचा धोका कमी होतो. एवढंच. थारची कंपनीने सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, गुरखाची ७००, म्हणजे गुडघ्याच्या वर. तिच्या आत राहायचं तर स्नॉर्केलची गरज नाही, आणि तिच्या बाहेर गेलात तर इंजिन वाचेल पण गाडी तरंगेल. ठोकळ हिशोब करा. गाडीची लांबी चार मीटर, रुंदी पावणेदोन. तळाच्या वर पाणी १५ सेंटिमीटर चढलं की जवळजवळ एक टन पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे तेवढ्याने गाडी हलकी होते. सव्वा-दीड टनाच्या गाडीची चाकं जमिनीवर नावापुरती उरतात, आणि वाहतं पाणी तिला कडेला ढकलतं. मी ओढा आधी पायी, काठी टेकत ओलांडून बघतो. जिथे मला चालता येत नाही तिथे गाडी नाही. पार केल्यावर घरी येऊन एकदा डिफरन्शियलचं ऑइल बघून घ्यावं. ताकासारखं पांढरट झालं असेल तर आत पाणी गेलंय. आणि विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन विचारा. साध्या पॉलिसीत पाण्याने मोडलेलं इंजिन सहसा बसत नाही.

विंच वाईट नाही, पण ती शेवटची पायरी. ओढायची ताकद भरलेल्या गाडीच्या दीडपट लागते, आणि वजनाचा प्रश्न वेगळाच. जिमनीचं रिकामं वजन साधारण १२०० किलो, सामानासकट मर्यादा १५४५. हातात राहिले साडेतीनशेच्या आत. चार मोठी माणसं बसली की दोनशे ऐंशी संपले. विंच, बंपर आणि कॅरिअरने मर्यादा ओलांडली जाते आणि डब्बा-पाणी अजून चढलेलंच नसतं.

त्याऐवजी अडकल्यावर लागणाऱ्या चार वस्तू. लांब दांड्याचं फावडं. चाकाखाली घालायच्या खाचांच्या दोन पाट्या. ताणली जाणारी, कायनेटिक म्हणतात ती दोरी. आणि दोन सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोरी हुकाला अडकवायचे दोराचेच फास. साखळी किंवा पोलादी वायर झटक्याने तुटली तर तिचं टोक गोळीसारखं येतं, म्हणून ताणणारी दोरी. ती हळूहळू ओढ साठवून गाडी उपसून काढते. दोरीवर मधोमध ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटली तरी खाली पडते. बघ्यांनी दोरीच्या लांबीच्या निदान दीडपट लांब उभं राहायचं. दोरी फक्त चॅसीला जोडलेल्या मजबूत हुकात. ट्रेलरच्या गोळ्याला अजिबात नाही. गोळा तुटून माणसं गेली आहेत.

एलईडी बारबद्दल एवढंच म्हटलं की समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जागी स्वतः बसून बघ.

जायचं कुठे, हा प्रश्न त्याने सगळ्यात शेवटी विचारला. खरं तर पहिला हाच हवा. ताम्हिणी, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत, तिथे सार्वजनिक रस्ता सोडून परवानगीशिवाय गाडी घालणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. कोकणात समुद्राच्या वाळूवर गाडी नाचवू नये. वेळाससारख्या किनाऱ्यांवर त्या वाळूत कासवांची अंडी असतात, आणि भरती आली की गाडी सोडवायला कुणी येत नाही. भातखाचरात तर चुकूनही नाही, ते कुणाच्या तरी वर्षाच्या पोटावर चाक फिरवणं आहे. मग उरतं काय? पाणंदी. गावागावांतल्या सार्वजनिक गाडीवाटा, उन्हाळ्यात, गावात विचारून, आणि कायम दोन गाड्या मिळून. पहिले काही दिवस एखाद्या खासगी ट्रॅकवर शिकवणाऱ्याबरोबर घालवले तर उत्तमच. यादीतली कुठलीही वस्तू त्या दिवसांची बरोबरी करत नाही.

काल सुधारलेली यादी आली. एटी टायर, गेज, कॉम्प्रेसर, पंक्चर किट, फावडं, पाट्या, दोरी, शॅकल, इंजिनचं ॲड-ऑन. बेरीज लाखाच्या आत. आणि सगळ्यात खाली, शिडी.

फोन केला. म्हटलं, कॅरिअर काढलंस ना, मग शिडी कशाला?

"गाडी धुताना टप पुसायला नको का, मामा?"